सुभेदार मेश्रामांचा दरबार

सुभेदार मेश्रामांचा सलाम दोन भागांचा होता. हात वर जायचा तो सरकारचा आणि खाली यायचा तो त्यांचा स्वतःचा.

रोज सकाळी पावणेदहाच्या सुमारास ते शंकर नगरच्या वळणावर, पेपरच्या टपरीशी उभे असत. त्याच वेळी बंगल्यांकडून मंत्र्यांच्या गाड्या निघत. लाल दिवा दिसला की सुभेदारांच्या टाचा जुळत, पोट आत जाई आणि उजवा हात भुवईशी जाऊन थांबे. गाडी पुढे गेली की हात खाली. पण खाली येता येता तोंडातून एक शब्द पडे. "निकम्मा." किंवा "बोलबच्चन." किंवा नुसतंच "झोपाळू." प्रत्येक मंत्र्याचा शब्द ठरलेला होता. एका नव्या मंत्र्याच्या गाडीला मात्र त्यांनी नुसताच सलाम केला, तेव्हा मी विचारलं, "काका, याले काहीच नाही?"

"नवा आहे," ते म्हणाले. "पंधरा दिवस पाहू द्या. एकदम मत बनवू नाई."

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, मनातून पटत नाही तर सलाम काहून करता?"

"गाडीवर झेंडा असते का नाई? सलाम झेंड्याले. आत बसलेल्याचं मी वेगळं ठेवलं आहे."

नवीन राज्य झालं त्या दिवसांतली ही गोष्ट. रायपूर एका रात्रीत राजधानी झालं होतं आणि राजधानीला लागणाऱ्या वस्तू अजून यायच्या होत्या. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरत होतं. आमच्या शाखेच्या भिंतीवर 'एक्स-रे' असा बाण अजून दिसत होता आणि कामासाठी आलेली माणसं त्या बाणाकडे पाहून गांगरून जात. मी तिथे बाबू होतो. समारंभ, पाहुणे, हारतुरे, कोण कुठल्या खुर्चीवर बसेल, ही माझी कामं. घर शंकर नगरात, आणि शेजार सुभेदार मेश्रामांचा.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत लागले म्हणून इकडे आले. ते स्वतः अठराव्या वर्षी पलटणीत गेले आणि सुभेदार होऊन परतले. बायको पेन्शनच्या दुसऱ्याच वर्षी वारली. मुलगी भिलाईला, ती वडिलांचं मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. घरात एक लोखंडी पलंग, एक बाबासाहेबांचा फोटो आणि एक इस्त्री. लुंगीलाही इस्त्री असे.

त्यांचं एक वाक्य आमच्या गल्लीत पोट्ट्यांनासुद्धा पाठ होतं : "हुकूम होईपर्यंत वाद, हुकूम झाल्यावर काम." हे ते नुसतं म्हणत नसत. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवावं असं कॉलनीच्या बैठकीत निघालं, तेव्हा सुभेदार एकटे विरोधात उभे राहिले. पाऊण तास बोलले. फाटक ही भित्र्या लोकांची वस्तू आहे, शत्रू फाटकातून येत नसतो, शिवाय भाजीवाल्या बाईनं टोपली घेऊन रोज हॉर्न वाजवायचा का, असे त्यांचे मुद्दे होते. मत घेतलं. सगळे फाटकाच्या बाजूनं. सुभेदार म्हणाले, "हव. ठरलं." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुदळीचा आवाज आला म्हणून मी बाहेर पाहिलं, तर खांबासाठी खड्डा खणणारा माणूस तेच.

पुढे त्या फाटकाची चावी त्यांच्याकडेच आली. अध्यक्षांचा जावई दिवाळीला कार घेऊन आला तर त्याला सुभेदारांनी वीस मिनिटं बाहेर उभं केलं. नाव, गाव, कोणाकडे, किती दिवस मुक्काम. अध्यक्ष चिडून धावत आले. "अरे मेश्रामजी, दामाद है मेरा!"

"होगा साहब. फाटक आपने मांगा था. मैं तो खिलाफ था."

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे रविवारचा दरबार. फौजेत म्हणे अशी पद्धत असते, की मोठा साहेब समोर बसतो आणि जवानाला उभं राहून आपली फरियाद सांगता येते. जेवणात खडे आहेत, सुटी मिळाली नाही, काहीही. त्यात कोणी त्याचं तोंड धरू शकत नाही. सुभेदारांनी ही पद्धत पेन्शनीतही चालू ठेवली. फरक इतकाच की फरियाद त्यांच्याविरुद्ध ऐकली जाई. रविवारी दहा वाजता व्हरांड्यात एक खुर्ची, समोर मोकळी जागा. इस्त्रीचा शर्ट घालून ते बसत आणि मोठ्यानं विचारत, "कोई शक? कोई फरियाद?"

दरबाराला बहुधा दोनच माणसं असत. एक दूधवाला यादव, आणि दुसरा मी. यादवची फरियाद दर आठवड्याला एकच, की सुभेदारसाहेब दुधात काचेची नळी घालून पाहतात आणि त्यामुळे बाकी घरंही पाहू लागली आहेत. सुभेदार ती शांतपणे ऐकत. "दर्ज झाली," म्हणत. आणि सोमवारी पुन्हा नळी घालत.

"मग फरियाद ऐकून काय उपयोग?" मी एकदा विचारलं.

"बाबूसाहेब, फौजेत मत असते, पण तोंड नसते. दरबारात तेवढं तोंड मिळते. तेबी नसलं तर माणूस बंदुकीसारखा होते. कोणीबी उचलावं आन् कोणाकडंबी वळवावं."

मग त्यांनी मला त्यांच्या खऱ्या दरबाराची गोष्ट सांगितली. दिल्लीत बसलेल्या पुढाऱ्यांनी ठरवलं आणि त्यांची पलटण समुद्रापलीकडे गेली, दुसऱ्यांच्या भांडणात. निघण्याआधी दरबार भरला. मेश्राम तेव्हा हवालदार होते. उभे राहिले आणि कर्नलसाहेबांना म्हणाले, "साहब, मुझे लगता है यह फैसला गलत है. वहाँ के लोग हमें बुला नहीं रहे." कर्नल म्हणाले, "दर्ज हुआ."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सामान बांधलं. पयल्या जहाजात मीच होतो."

आतापर्यंत मी या माणसाच्या गमती सांगत आलो, कारण त्या सांगायला मला सोप्या जातात. पुढचं सांगायला मला बरीच वर्षं लागली आहेत. माझ्या बायकोलाही मी हे पूर्ण सांगितलेलं नाही.

त्या समुद्रापलीकडच्या मोहिमेत सुभेदारांच्या सेक्शनमधला एक जवान गेला. लान्सनायक बिसाहू राम. अभनपूरच्या पुढे पाचसहा किलोमीटरवर त्याचं गाव. प्रेत गावी आलं तेव्हा तिथला एक पुढारी चितेसमोर हात जोडून म्हणाला होता, की गावात शाळा उभी राहील आणि तिला बिसाहूचं नाव लागेल. शाळा उभी राहिली. पुढारी नव्या राज्यात मंत्री झाला. आणि शाळेच्या पाटीवर मंत्र्यांच्या स्वर्गवासी वडिलांचं नाव लागलं.

सुभेदारांनी अर्ज केले. उत्तरं आली नाहीत. अशातच त्या मंत्र्यांच्याच हस्ते माजी सैनिकांचा सत्कार ठरला, आणि समारंभाची फाईल माझ्या टेबलावर आली. सत्कारमूर्तींच्या यादीत तिसरं नाव सुभेदार मेश्रामांचं होतं. प्रत्येकानं दोन शब्द बोलावेत असं कार्यक्रमपत्रिकेत होतं.

त्या संध्याकाळी सुभेदार माझ्याकडे आले. हातात कागद, दुसऱ्या हातात घड्याळ. "टाइम धरा," म्हणाले आणि माझ्या बैठकीत सावधान उभे राहून वाचू लागले :

"माननीय मंत्रीजी. लान्सनायक बिसाहू राम मेरे सेक्शन का जवान था. हमें जहाँ भेजा गया, भेजना गलत था, यह मैंने तब भी कहा था. बिसाहू राम फिर भी गया और लौटा नहीं. स्कूल को उसका नाम देने का आपने वचन दिया था. वह नाम दिया जाए. जय हिंद."

"किती?"

"चाळीस सेकंद."

"पस्तीस कराले पाहिजे. मंत्र्याले लंबी गोष्ट समजत नाई."

माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काका, मंत्र्याच्या तोंडावर बोलणार?"

"मग काय पाठीवर बोलू? पाठीवर तं मी रोजच बोलतो, पेपरच्या टपरीजवळ."

ती हसली. मीही हसलो. पण त्याच दुपारी उपसचिवांनी मला बोलावून सांगितलं होतं, "देवघरे, मंच पर कोई गड़बड़ नहीं चाहिए. तुम्हारी बदली का कागज़ मेरे दराज में है, याद है न?" याद होतं. बदली दक्षिणेकडच्या जंगलात, जिथे महिन्यातून एकदा पगार घ्यायलाही माणसं घाबरत जात. माझी मुलगी बारावीला होती. आई माझ्याजवळ, अंथरुणाला खिळलेली. ही कारणं खरी आहेत. पण ती कारणं होती म्हणून मी ते केलं असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. मी मुळातच भित्रा माणूस आहे. कारणं मला नेहमीच सापडतात.

सुभेदारांना 'बोलू नका' म्हणून विनवण्याची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी मला 'काहून' विचारलं असतं आणि त्याला माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. म्हणून मी त्यांच्याच वाक्याचा आधार घेतला. हुकूम झाल्यावर काम. मी हुकूम काढला.

ऑफिसात सगळे जेवायला गेले असताना मी टाइपरायटरवर बसलो. 'भूतपूर्व सैनिकों को सूचित किया जाता है कि समारोह में मंच से कृपया कोई भाषण न दें. उच्च स्तर से प्राप्त आदेशानुसार.' खाली एक न वाचता येणारी सही केली आणि गोल शिक्का मारला. आणि मग, आता हसू येतं, त्या खोट्या कागदाला मी जावक रजिस्टरमध्ये नंबर दिला. चोवीस वर्षांच्या नोकरीत नंबराशिवाय कागद माझ्या हातून बाहेर गेला नव्हता. हात आपोआप रजिस्टरकडे गेला. खोटेपणा करतानाही मी नियमानं केला.

संध्याकाळी तो कागद घेऊन मी सुभेदारांकडे गेलो. ऑफिसच्या प्रतीवर पोच म्हणून त्यांची सहीसुद्धा घेतली. त्यांनी कागद वाचला. डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातलं पेन खाली पडलं, ते त्यांनी वाकून उचललं आणि सही केली.

"हुकूम आहे म्हणता?"

"हो काका. वरून आला."

"हव," ते म्हणाले. "हुकूम आहे तं आहे."

सत्कार शंकर नगरातल्याच एका सभागृहात झाला. मी दारात उभा राहून लोकांना बसवत होतो. एक बाई आली, चाळिशीची असेल, अंगावर नवी कोरी निळी साडी, हातात कापडी पिशवी. पास नव्हता. पुढे जायला लागली तर मी म्हटलं, "पीछे, पीछे. आगे पास वालों के लिए है." तिला मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे बसवलं. नाश्त्याच्या पाकिटासाठी आली असेल असं मला वाटलं, हेही लिहूनच टाकतो.

सुभेदारांचं नाव पुकारलं तेव्हा ती उठून उभी राहिली. खांबाच्या बाजूनं मान काढून पाहू लागली.

सुभेदार मंचावर गेले. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. मंत्री त्या दिवशी खुशीत होते. मी कार्यक्रमपत्रिकेतून भाषणं काढून टाकली होती, पण मंत्र्यांना पत्रिका कोण दाखवणार? त्यांनी स्वतःच माइक उचलला आणि सुभेदारांच्या तोंडासमोर धरला. "अरे, हमारे सूबेदार साहब से दो शब्द तो सुन लें! बोलिए, बोलिए, डरिए मत!" लोक हसले.

माइक चालू होता. सुभेदारांचा श्वास सभागृहभर ऐकू आला. मी दाराची चौकट घट्ट धरून उभा होतो. त्यांनी सभेवरून नजर फिरवली. ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली, खांबापाशी थोडी थांबली, मग दाराशी माझ्यावर आली. माझ्यावर जास्त वेळ थांबली.

"कुछ नहीं कहना, सर," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मंत्री म्हणाले, "देखिए, असली सिपाही! काम बोलता है, मुँह नहीं!" पुन्हा टाळ्या. त्या सगळ्या गर्दीत ती निळ्या साडीतली बाई तेवढी उभी होती. मग ती पिशवी उचलून निघून गेली. नाश्त्याचं पाकीट तिनं घेतलं नाही.

माझी बदली झाली नाही. उपसचिवांनी मला चहा पाजला.

त्यानंतर सुभेदार तसेच वागत राहिले. फाटकाशी 'काय बाबूसाहेब' म्हणत. माझ्या आईच्या औषधासाठी तीन वेळा सायकलवर दवाखान्यात जाऊन आले. मला हे सहन होईना. रविवारी त्यांची 'कोई फरियाद?' ही हाक ऐकू आली की मी घरात नळ सोडून बसायचो. बायको म्हणायची, "तुम्ही दरबाराले जाणं सोडलं का? काका एकटेच बसून राहिले तिकडं." अशा किती रविवारांनंतर मी गेलो, ते मोजलं नाही. उन्हाळा लागला होता.

यादव आधीच उभा होता. त्याची काचेच्या नळीची फरियाद दर्ज झाली. मग सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. "कोई फरियाद?"

"फरियाद माझ्याविरुद्ध आहे, काका," मी म्हणालो. "तो हुकूम खोटा होता. मी काढला होता."

यादवनं दुधाचा कॅन उचलला आणि तो शहाणा माणूस मुकाट्यानं निघून गेला.

सुभेदार उठले, आत गेले आणि खाकी फाईल घेऊन आले. तो माझा हुकूम त्यात नीट लावलेला होता. पण त्यावर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. मास्तर शाळेच्या वहीवर करतो तशा.

"हे पाहा," ते म्हणाले. "कोणाकडून, ते नाई. कोणाकोणाले प्रत, ते नाई. आन् हे." त्यांनी 'कृपया' या शब्दाभोवतीच्या लाल गोलावर बोट ठेवलं. "हुकमात 'कृपया' नसते, बाबूसाहेब. 'कृपया' वाचलं तवाच समजलो, हे आपल्या गल्लीतलंच काम आहे."

"तेव्हाच? सही करतानाच?"

"मंग? आन् पेन्शनवाल्या माणसाले हुकूम देणारा आता एकच, डॉक्टर. त्याचंबी मी ऐकत नाई."

मग ते एकदम तापले, पण भलत्याच गोष्टीवर. "आन् जावक नंबर काहून टाकला, लेकहो? खोटा कागद आन् खरा नंबर! मी हा कागद कोणाले दाखवला असता तं सापडले असते ना तुम्ही. नोकरी गेली असती. एवढं शिकून एवढं डोकं नाई?"

"मग दाखवला का नाही?" मी कसंबसं विचारलं. "आणि माहीत होतं तर बोलला का नाहीत? माइक तुमच्या तोंडासमोर होता."

त्यांनी फाईलची नाडी बोटाला गुंडाळली.

"तिकडं निघाच्या आदल्या दिवशी बिसाहू मले म्हणाला, 'उस्ताद, मोला डर लागत हे.' मी दरबारात साहेबासमोर आपलं मत सांगून आलो होतो. मोठा शूर वाटत होतो मले मी. त्याले म्हटलं, डर-बिर काही नाई, हुकूम आहे, चाल. त्याचं ऐकून घेतलं नाई. दोन मिनटं बी नाई." त्यांनी फाईल मिटली. "सही घेताना तुमचा हात हालून राहिला होता, बाबूसाहेब. पेन पडलं. सत्काराच्या दिवशी दारात उभे होते तवा तं तुमी पडता का काय असं वाटलं मले. मंग मी ठरवलं. भ्यायलेल्या माणसाच्या अंगावरून एकदा मी पुढं गेलो. दुसऱ्यांदा नाई जात."

मी रडलो. त्यांना रडणं आवडत नसे. ते उभे राहिले आणि दरबाराचा निकाल सांगितला, "सजा. पुढच्या रविवारी अभनपूर. स्कूटर तुमची."

अभनपूरपर्यंत ते मागे बसून क्लच कसा दाबावा ते सांगत होते. पुढच्या कच्च्या रस्त्यावर गप्प झाले. गाव आलं, शाळा दिसली. पाटीवर मंत्र्यांच्या वडिलांचं नाव, निळ्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत. समोरच एका मातीच्या घराच्या अंगणात एक बाई तांदूळ निवडत होती. मला ओळखायला वेळ लागला नाही. ती तीच होती, निळ्या साडीची. फुलबाई. बिसाहूची बायको. ती त्याच शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधत होती, त्याच पाटीखाली.

तिनं सुभेदारांना खाट टाकून दिली. चहा ठेवला. पण बोलणं तुटक होतं. सुभेदार लेकीची चौकशी करत होते, ती 'हव', 'नइ' एवढंच म्हणत होती. मला पाणी देताना ती माझ्याकडे वळून म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगावं तसं, "हमर सुबेदार साहेब घलो ओ दिन डर्रा गे, बाबू." आमचे सुभेदारसाहेबसुद्धा त्या दिवशी घाबरले.

मी सुभेदारांकडे पाहिलं. ज्या माणसानं कर्नलला तोंडावर 'चूक' म्हटलं होतं, तो चहाच्या पेल्यात पाहत म्हणाला, "हव, बहिनी. डर्रा गेंव."

म्हणजे सत्कारानंतरही ते इथे येत राहिले होते, इतके महिने हे ऐकत आले होते आणि हेच उत्तर देत आले होते. आणि मला इथे आणूनही ते मला काही सांगायला लावणार नव्हते. सजा म्हणाले होते, पण सजेत हे नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर चहा पिऊन आम्ही परतलो असतो आणि त्यांनी पुन्हा क्लचबद्दल सांगितलं असतं.

"ते घाबरले नव्हते," मी म्हणालो. माझं छत्तीसगढी कच्चं आहे, मी हिंदीतच बोललो. "मैं डरा था. मैंने झूठा कागज़ बनाकर इनका बोलना बंद किया. मेरी नौकरी के लिए. आपको पीछे भी मैंने ही बिठाया था."

तांदळाचं सूप तिनं बाजूला सरकवलं. मला वाटलं, आता ती मला हाकलून देईल, आणि ते मला बरंही वाटलं असतं.

"मैं काबर गे रेहेंव जानथस?" तिनं विचारलं. मी का आले होते, माहीत आहे? मग ती शाळेकडे पाहत सावकाश सांगू लागली. आमच्यात बाई आपल्या माणसाचं नाव घेत नाही. तो होता तेव्हा घेतलं नाही, गेल्यावरही घेतलं नाही. सासू-सासरे घ्यायचे, तेही गेले. लेक 'ददा' म्हणते. आता या गावात ते नाव घेणारं कोणी उरलं नाही. शाळेला लागलं असतं तर पोरं रोज घेत बसली असती, मी चुलीपाशी बसून ऐकलं असतं. ते नाही झालं. मग सुबेदारसाहेब म्हणाले, माइकवर घेतो. म्हणून बसनं आले. एकदा ऐकून येऊ म्हटलं.

सुभेदार मान खाली घालून बसले होते. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"ओ दिन त नइ लेवन देस," ती मला म्हणाली. त्या दिवशी घेऊ दिलं नाहीस. "त आज तैं ले." मग आज तू घे.

मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी काहीच खूण केली नाही. मी खाटेवरून उठलो. हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

"लान्सनायक बिसाहू राम," मी म्हणालो. आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"जोरात, बाबूसाहेब," सुभेदार हळूच म्हणाले. "तिले ऐकू गेलं पाहिजे."

मी पुन्हा घेतलं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून पाहू लागली. फुलबाईनं पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले आणि म्हणाली, "एक घांव अउ." आणखी एकदा.

मी तिसऱ्यांदा घेतलं.